पाच जागी माझा आवाज

माझ्या लॅपटॉपवर एका धवल्याचं रेकॉर्डिंग आहे, एकेचाळीस मिनिटांचं. त्यातला आवाज उरणजवळच्या करंज्याच्या एका म्हाताऱ्या बाईचा आहे. फक्त पाच जागी तो माझा आहे. त्या पाच जागी आधी एका मुलीचं नाव होतं आणि ते मी काढून टाकलं. एवढं लिहायला मला वर्ष लागलं, तेव्हा आता सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगते.

धवला म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नातली गाणी. गाणी म्हटलं की लोकांना करमणूक वाटते, म्हणून खुलासा करते. या गाण्यांनीच लग्न लागतं. देवांना बोलावणं, मांडव, हळद, सगळं त्यात येतं आणि ती म्हणणारी धवलारीण त्या लग्नाची भटजीच असते. आता बहुतेक लग्नांत भटजीही असतो, डीजेही असतो, आणि धवलारीण असलीच तर खुर्च्यांच्या मागे कुठेतरी असते. मी जिच्याबद्दल लिहिते आहे तिला शेवटचं बोलावणं कधी आलं होतं, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरान गॅस आला त्या सालाला." घरातला गॅस तोवर काळाकुट्ट झाला होता.

मी पनवेलच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रा करतात, गुडघ्यांवर उपचार करतात. मी आवाज गोळा करायला निघाले. एक चांगला रेकॉर्डर घेतला आणि नेऱ्याच्या डोंगराखालचे, वीटभट्टीवर हयात घालवलेले म्हातारे, उरणकडच्या मासे विकणाऱ्या बाया, असं मिळेल त्याला बोलतं करू लागले. प्रत्येकाचं माहितीपत्रक करायचे. नाव, वय, गाव, विषय, गाण्यात आलेली नावं, आणि शेवटी एक रकाना, 'सांगणाऱ्याशी नाते'. या रकान्यात मी नेहमी आडवी रेघ ओढत असे. प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात आणि एक माझ्याकडे, असा माझा नियम होता. नियमांचा मला फार अभिमान. वाचनालयात मी पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला सगळ्यांसमोर झापायची.

करंज्याला मी एसटीने उरण आणि तिथून रिक्षा अशी जायची. बंदराच्या मागे तिचं घर. ओट्यावर बसून ती सोडे निवडत असायची, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, आणि हात न थांबवता माझ्याशी बोलायची. बोटीच्या गोष्टी, सासूच्या गोष्टी, कोणाच्या लग्नात नवरदेव रुसून होडीत जाऊन बसला ते, सगळं तिने सांगितलं. धवला मात्र म्हणेना. तीन वेळा गेले, तीनदा तेच उत्तर. "लगीन नाय, नवरी नाय, कुनासाठी बोलू?"

मी म्हटलं, "मावशी, तुमच्यानंतर हे कोण म्हणणार?"

हे आम्हा गोळा करणाऱ्यांचं हुकमी वाक्य आहे. ऐकायला कळकळ वाटते, पण त्याचा सरळ अर्थ 'तुम्ही आता मरणार' एवढाच असतो. मी ते गोड आवाजात कितीतरी जणांना म्हटलं आहे. तिने सोडे निवडता निवडता माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मंगलवारी ये."

मंगळवारी गेले तर घरात ती एकटीच. सुनेला तिने मुद्दाम उरणच्या बाजाराला पाठवलं होतं. नवं हिरवं लुगडं नेसली होती. मधल्या खोलीत सारवल्यासारखी स्वच्छ फरशी, त्यावर दोन पाट मांडलेले, पाटांवर तांदूळ, मधे नारळ. मला वाटलं, वा, आपल्या रेकॉर्डिंगसाठी म्हातारीने काय वातावरण उभं केलंय! मी त्या रिकाम्या पाटांचा फोटोसुद्धा काढला.

"नवरी मी धरलीय," ती म्हणाली. "नवरा तू दे."

"म्हणजे?"

"नाव दे. बिननावाचा धवला कुनाला लागनार?"

मला आठवलं, धवल्यात नवरा-नवरीचं नाव घ्यावं लागतं. जिभेवर पहिलं आलं ते माझ्या मुलाचं नाव. ते सांगून मी हसले. ती हसली नाही.

"लगीन झालंय त्याचं?"

"कुठलं हो, तीस उलटली तरी पळतोय."

"कसा हाय?"

"चांगला आहे. आळशी आहे जरा."

"दारू?"

"नाही नाही."

तिने मान हलवली. मी याला थट्टा समजले. आता ते बोलणं मनात पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा कळतं की ती माझ्या मुलाची चौकशी करत होती. कुठलीही आई करते तशी.

मग तिने अट घातली. "हा धवला कुनाच्या मांडवान वाजवायचा नाय. तुज्यापाशी ठेव. येका नवरीला येकच धवला असतो, तो दुसरीला लागत नाय."

"नाही वाजवणार," मी म्हटलं. "शब्द देते."

ती एकेचाळीस मिनिटं गायली. तिच्या नेहमीच्या बोलण्यात खोकला असायचा, तेव्हा एकदाही खोकली नाही. नवरीचं नाव पाच वेळा आलं. प्रत्येक वेळी त्या नावाआधी ती किंचित थांबायची आणि नाव जरा लांबवायची, आणि मी तज्ज्ञासारखी मनात नोंद करत होते, की नावापाशी आघात येतो. शेवटी तिने दोन्ही पाटांवर तांदूळ टाकले आणि मूठभर माझ्या डोक्यावरही. एक-दोन दाणे रेकॉर्डरवर पडले. ते यंत्रात जातील म्हणून मी घाईने झटकले. तिने माझे दोन्ही हात धरले, तिचे हात थंडगार होते, आणि म्हणाली, "आता तू माजी विहीनबाय."

परतीच्या एसटीत मी माहितीपत्रक भरलं. गाण्यातील नावे, या रकान्यात लिहिलं, 'काल्पनिक'. नाते या रकान्यात आडवी रेघ. शब्द दिला होता म्हणून वाचनालयासाठी प्रत मात्र केली नाही. फक्त माझ्या लॅपटॉपवर ठेवलं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात त्या दिवशी होता.

त्यानंतर मी गेले की ती मला विहीणबाई म्हणूनच हाक मारायची. "विहीनबाय, जावय कसा हाय?" आणि निघताना कागदात बांधलेले सोडे हातात द्यायची. "जावयाला दे. सोड्याचा भात कर." मी घरी येऊन हे सगळ्यांना रंगवून सांगायची. मुलगा म्हणायचा, "सासूबाईंनी काय पाठवलं?" आणि आम्ही सगळे हसायचो. भात त्याने दरवेळी दोनदा मागून खाल्ला.

मग खरंच त्याचं लग्न ठरलं. मुलगी चांगली, माणसं चांगली, कामोठ्यात राहणारी. आमच्या भागात आता हळद हा लग्नाहून मोठा सोहळा झालाय. जात कुठलीही असो, हळदीला कोळीगीतं वाजलीच पाहिजेत, सगळ्यांनी पिवळे कपडे घातलेच पाहिजेत. घरात रोज चर्चा, काय करायचं, काय वेगळं करायचं. आणि एका दुपारी मीच बोलले, "माझ्याकडे खराखुरा धवला आहे. त्यात नवऱ्याचं नावसुद्धा आपल्याच नवऱ्याचं आहे!"

कोणी मला गळ घातली नव्हती. कोणी मागितलंही नव्हतं. कोणावर ढकलता येईल असं यात काहीच नाही, खूप शोधून पाहिलं. मला तेव्हा दिलेला शब्द आठवला का? आठवला. पण मी स्वतःला समजावलं की आपली हळद म्हणजे काही मांडव नव्हे, सोसायटीच्या आवारातला कार्यक्रम आहे. आणि इतकी वर्षं जमवलेलं कधीतरी माणसांना दिसू दे की. घरात माझ्या रेकॉर्डिंगला 'आईचा छंद' म्हणायचे, ते मला टोचायचं. त्या दिवशी सगळे म्हणाले, अरे, हे तर भारी आहे. मला किती बरं वाटलं काय सांगू.

राहिलं नवरीचं नाव. ते अर्थातच बदलायला हवं होतं. डीजे लावणाऱ्याचं कामोठ्यात दुकान होतं, पन्नाशीचा गृहस्थ, कामात चोख. मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने माझ्या लॅपटॉपवरच पाचही जागा शोधल्या, नाव कापलं, आणि म्हणाला, इथे नवीन नाव कोणीतरी त्याच चालीत म्हणायला हवं. मीच म्हटलं. ती चाल मला पाठ झाली होती. पहिल्यांदा जमलं नाही, मग जमलं. काम झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, ओरिजिनल वेगळं ठेवलंय ना?"

"हो हो," मी म्हटलं. माझं लक्ष हळदीच्या ताटांकडे लागलं होतं.

घरी येऊन मी ते पूर्ण ऐकलं. कानाला हेडफोन लावून, एकेक जागा थांबवत. जुनं नाव कुठे चुकून राहिलं असेल तर माझ्या होणाऱ्या सुनेसमोर शोभा झाली असती.

तिला हळदीला बोलावलं का? नाही. लांबून येणार, गैरसोय होईल, वयही झालंय, अशी कारणं मी घरच्यांना सांगितली. खरं कारण वेगळं होतं. माझ्या खऱ्या विहीणबाई पहिल्या रांगेत बसणार होत्या आणि ही म्हातारी त्यांच्यासमोर मला मोठ्याने 'विहीनबाय' म्हणेल याची मला लाज वाटत होती.

हळद झकास झाली. धवला सुरू झाला तेव्हा सगळे गप्प झाले. मुलाचं नाव आलं की टाळ्या, सुनेचं नाव आलं की टाळ्या. कोणीतरी चित्रण करून ते स्टेटसला लावलं, तिथून ते पुढे गेलं. पनवेल ते उरण एवढ्या पट्ट्यात कोणाचा कोणाशी संबंध नाही असं होत नाही. चौथ्या दिवशी करंज्याहून तिच्या सुनेचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याकडं लगीन झालं ना? त्याच्यात आमच्या आईचा आवाज हाय. गावातली बोलतात, तुमची सासू गेलती काय पनवेलला?"

"त्यांनी ऐकलं?" मी विचारलं.

"ऐकलं. मोबाइल परत देऊन टाकला."

लाडूंचा डबा घेऊन मी दुसऱ्या दिवशी गेले. वाटेत ठरवलं होतं की थोडं रागावतील, मग आपण माफी मागू, मग लाडू. सून बाहेर दोरीवर बोंबील घालत होती. मला पाहून तिने हात पुसले आणि घरात न नेता तिथेच थांबवलं.

"तुमाला म्हाईत नव्हतं काय, ते नाव कुनाचं?"

मी म्हटलं, "कोणाचं? ते काल्पनिक होतं ना?"

तिला काल्पनिक हा शब्द कळला नसावा, किंवा कळला असावा. ती म्हणाली, "त्यांची पोर व्हती ती. माजी ननंद. मी या घरात यायच्या आदीच गेली. लगीन ठरलेलं, कापडं आनलेली, हळदीला आठ दिस, आनि कावील झाली." दोरीवरचा एक बोंबील तिने उगाच सरळ केला. "सगल्या गावाच्या पोरींची लगनं लावली आईनं, घरातलीच राह्यली. मंग तुमी आलात. आता बोलतात, मी लावलं लगीन, पनवेलच्या पोराशी. घरात सोडे कुनाला हात लावू देत नाय. जावयाचं हाय बोलतात."

लाडूंचा डबा माझ्या हातात होता. मी कुठे तरी पाहायला हवं म्हणून बोंबलांकडे पाहत राहिले. त्या चार दिवसांआधी मला कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मी आयुष्यात कुणाचं वाईट केलेलं नाही.

म्हातारी आत खाटेवर बसली होती. "ये, बस. सून कशी हाय?" म्हणाली.

मी बोलायला लागले, काहीबाही, मला माहीत नव्हतं, मला सांगायचं तरी. तिने हाताने थांबवलं.

"मांडवान जित्या पोरीचंच नाव पायजे. ते बदललंस, बरोबर केलंस."

ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं पटकन सुचतात.

"पन मना बोलवायची व्हतीस," ती पुढे म्हणाली. "विहीन म्हनून नको. धवलारीन म्हनून तरी."

मी रडले. तिने रडू दिलं, समजूत काढली नाही, आणि का काढावी? मग तिने विचारलं, "माज्या पोरीचा तो तसाच हाय ना? तुज्यापाशी?"

"आहे," मी म्हटलं. "घरी लॅपटॉपवर आहे. तसाच आहे."

"पुडल्या येली आन. येकदा ऐकू दे. तवा बोलताना मना कायच ऐकू नाय आलं, सगलं भरून यायचं."

घरी येऊन चप्पल न काढता मी लॅपटॉप उघडला. ती फाइल लावली. पहिल्या जागी माझा आवाज आला. सगळा लॅपटॉप शोधला. डीजेवाल्याने ज्या फाइलवर काम केलं तीच फाइल होती, दुसरी नव्हतीच. रेकॉर्डरमधलं कार्ड पुसून मी त्यावर नेऱ्याच्या एका आजोबांच्या भट्टीच्या गोष्टी भरल्या होत्या. वाचनालयाच्या कपाटात प्रत नव्हती, कारण तिला शब्द दिला होता. जो शब्द मी मोडला, तोच पाळण्यासाठी दुसरी प्रत केली नव्हती. डीजेवाल्याला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं." विचारलं होतंच.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "ते सोडे त्या म्हणून पाठवायच्या?" त्यानंतर घरात सोड्याचा भात झालेला नाही. सुनेला अजून सांगितलेलं नाही. तिला ते रेकॉर्डिंग फार आवडतं, माहेरच्यांना कौतुकाने ऐकवते. तिचा यात काय दोष.

पुढच्या वेळी मी करंज्याला गेले ती एक योजना घेऊन. धवला मोबाइलवर आणलाय असं सांगणार होते, पण मोबाइल मुद्दाम बंद केला होता. "मावशी, याची बॅटरी गेली हो," मी म्हटलं. "त्यापेक्षा असं करू या का, पुन्हा एकदा म्हणता का? यंत्र आणलंय मी."

ती माझ्या वेडेपणाला हसली. "येका पोरीचं लगीन दोनदा लावू?"

त्याच्या पुढच्या वेळीही बॅटरी गेलेली होती. त्याच्या पुढच्या वेळी मोबाइल बिघडला होता. दरवेळी ती "आसूदे, पुडल्या येली" म्हणायची आणि सोड्यांची पुडी द्यायची. मी ती पुडी एसटीत मांडीवर घेऊन बसायची. जावंच कशाला, असं मनात यायचं. पण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. खरं सांगायचं तर आपण जातोय, म्हणजे आपण तितक्या वाईट नाही, असं मला स्वतःला दाखवायचं होतं.

मागच्या महिन्यात गेले. ती ओट्यावर नव्हती. आत खाटेवर बसली होती, आणि खाटेच्या बाजूला भिंतीवर एक नवं सॉकेट बसवलेलं होतं. पांढरंशुभ्र, चकचकीत, त्या भिंतीवर उठून दिसत होतं. त्यात चार्जर लावलेला. चार्जरची तार तिने स्वतःच्या हातात धरून ठेवली होती.

"सुनेनं लावून घेतलं," ती म्हणाली. "कंचा पन मोबाइल लागतो बोलली. बॅटरी नसली तरी वाजल. लाव, विहीनबाय."

मी तार घेतली. मोबाइल काढला. चांगला ऐंशी टक्के चार्ज झालेला होता. तरी मी तार जोडली, कारण ती माझ्या हातांकडे पाहत होती. आणि मग मला पुढची थाप सुचली नाही. एकतीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेली मी, दंड चुकवणाऱ्यांच्या, पुस्तक हरवणाऱ्यांच्या, मला एकही सुचली नाही.

"मावशी, तो नाहीये माझ्याकडे," मी म्हटलं. "नाव बदललं ना, ते त्याच्यावरच बदललं गेलं. आधीचा पुसला गेला. कुठेच नाहीये. मी खोटं बोलत होते."

तिला कळायला वेळ लागला असं मला वाटलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ थोडे हलत होते. नंतर लक्षात आलं, ती मोजत होती.

"पाच येला घेतलं व्हतं मी तिचं नाव."

"हो."

"पाची?"

"पाची."

बाहेर सून कोणाशी तरी बोलत होती. बंदरातून बोटीच्या इंजिनाचा आवाज येत होता. तिने खाटेवर माझ्यासाठी जागा केली आणि लुगड्याचा पदर सारखा केला, त्या मंगळवारी गायला बसताना केला होता तसाच.

"येखादं राह्यलं आसल," ती म्हणाली. "तुमच्या त्या मान्साच्या नजरंतून चुकून. लाव तू, बघू."

हळदीतला धवला मोबाइलवर होताच, तो मी लावला. तिचाच आवाज खोलीत सुरू झाला, दमदार, न खोकता. ती कान देऊन ऐकत होती. पहिली जागा आली आणि तिथे माझ्या आवाजात माझ्या सुनेचं नाव आलं. तिने मान हलवली, म्हणजे हे नाही. दुसरी जागा आली. तिसरी आली. चौथ्या जागेला ती पुढे सरकली आणि तिने माझा हात धरला. पाचवी अजून यायची होती. मला ठाऊक होतं तिथेही काही नाही. एकही राहू नये म्हणून मी स्वतः कानाला हेडफोन लावून खात्री करून घेतली होती.